संपाला मतदान, मग कराराला का नाही?

(सातारा व सांगली विभागांतील एस. टी. कामगारांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एस. टी.च्या स्थानकावर गाडी फलाटाला लागली की ध्वनिक्षेपकावरून तिची घोषणा होते. गाडी कोठून आली, कोठे जाणार, कोणत्या फलाटावर उभी आहे, हे प्रवाशाला दोन-दोनदा सांगितले जाते. ती गाडी चालविणाऱ्या चालकाच्या आणि त्यातील वाहकाच्या पुढील चार वर्षांच्या वेतनाचा करार जेव्हा मुंबईत ठरतो, तेव्हा मात्र तो करार कोठून आला आणि कोठे नेणार आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते त्यांनी वर्तमानपत्रात वाचायचे, किंवा भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या खऱ्या-खोट्या संदेशांतून ताडायचे.

सातारा विभागात अकरा आगारे आहेत आणि सांगली विभागात दहा. महाबळेश्वरच्या घाटापासून जतच्या कर्नाटक सीमेपर्यंत पसरलेल्या या एकवीस आगारांत वेतन कराराविषयी जी कुरकुर ऐकू येते, ती केवळ आकड्यांची आहे असा मुंबईतील अधिकाऱ्यांचा समज असतो. आणि खेदाची गोष्ट ही की काही कामगार पुढाऱ्यांचाही तोच समज असतो. आकडे महत्त्वाचे आहेतच. ज्याला त्या आकड्यांवर घर चालवायचे आहे, त्याला त्यांचे महत्त्व कोणी शिकवायला नको. पण कुरकुरीचा गाभा निराळा आहे. मागणीपत्रात काय लिहिले होते, वाटाघाटीत त्यातले काय सोडले, कशाच्या बदल्यात सोडले, आणि जे मिळाले म्हणून सांगितले जाते ते केव्हा हातात पडणार, हे विचारण्याची जागाच सभासदाला उरलेली नाही. तो वर्गणीदार आहे. संपाच्या वेळी तो सैनिकही आहे. करारापुरता मात्र तो बाहेरचा माणूस ठरतो.

ही स्थिती पुढाऱ्यांच्या स्वभावातून आली असे म्हणून भागणार नाही. तिचे मूळ कायद्यातही आहे. महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम झाला. सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, तिला मान्यता मिळावी आणि मालकाशी बोलण्याचा हक्क तिचाच असावा, अशी त्याची मांडणी होती. मान्यता सभासदसंख्येच्या पडताळणीने ठरणार, कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे. ही उणीव त्याच वेळी अनेकांनी दाखविली होती. पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. या कायद्याच्या २४ व्या कलमानुसार, मान्यताप्राप्त संघटना असलेल्या ठिकाणी संपाची नोटीस देण्यापूर्वी सभासदांचे बहुमत संपाच्या बाजूने मिळविलेले नसेल, तर तो संप बेकायदेशीर ठरतो. आणि १९ व्या कलमात मान्यताप्राप्त संघटनेची कर्तव्ये सांगितली आहेत: मासिक वर्गणी पन्नास पैशांहून कमी नसावी, कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी व्हावी, ठराव कार्यवृत्ताच्या वहीत नोंदवावेत, सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला हिशेब तपासता यावा. वर्गणीच्या पन्नास पैशांपर्यंत ज्या कायदेकर्त्यांची नजर पोचली, त्यांना करारावर सही करण्यापूर्वी तो सभासदांना वाचून दाखवावा, एवढे एक वाक्य लिहावेसे वाटले नाही. काम बंद ठेवायचे तर बहुमत हवे. काम कोणत्या अटींवर करायचे हे ठरवायला मात्र त्याची गरज नाही!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने ५१ टक्के सभासद असणाऱ्या संघटनेला एकमेव वाटाघाटी संघटना ठरविले आहे, आणि तशी संघटना नसेल तर २० टक्क्यांवरील संघटनांची वाटाघाटी परिषद सांगितली आहे. निम्म्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तरी तो संप समजला जाईल, इतकी दक्षता या संहितेने घेतली आहे. झालेला करार सभासदांच्या मताला टाकण्याचे बंधन तिच्यातही नाही. तशी मनाईही नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कायद्याची दुसरी गाठ मालक कोण या प्रश्नाची आहे. महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. कामगारांना योग्य सेवाशर्ती व न्याय्य वेतन देण्याची तरतूद हा कायदा महामंडळाच्या अधिकारांतच मोडतो. त्याच कायद्याचे ३४ वे कलम राज्य सरकारला असा अधिकार देते की भरती, सेवाशर्ती आणि वेतन यांबाबत त्याने महामंडळाला सूचना द्याव्यात. परिणाम काय होतो? वाटाघाटीच्या मेजापलीकडे महामंडळाचे अधिकारी बसतात, त्यांना देण्याचा अधिकार नसतो. ज्यांना अधिकार असतो ते मंत्री मेजावर नसतात. ते पत्रकार परिषदेत असतात. ‘तिजोरीत पैसा नाही’ असे महामंडळ म्हणते आणि ‘महामंडळ स्वायत्त आहे’ असे सरकार म्हणते. या दोन वाक्यांच्या मध्ये एस. टी. कामगार किती वर्षे उभा आहे!

याची फळे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिली. २०१६ ते २०२० या काळाचा करार रखडला तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, चार दिवस संप झाला आणि उच्च न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरविला. पुढे १ जून २०१८ रोजी, एस. टी.च्या सत्तराव्या वर्धापनदिनी, तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. रक्कम मोठी दिसत होती. पण ती चार वर्षांत आणि लाखभर कामगारांत विभागली की एकेकाच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब आगारांत सुरू झाला. आणि हा हिशेब सहीपूर्वी झाला असता तर जे बोलणे चर्चेत झाले असते, ते एका आठवड्याने रस्त्यावर झाले. ८ जूनला गाड्या थांबल्या, त्याही कोणत्याही संघटनेच्या नोटिशीविना. करार म्हणजे दोन पक्षांची संमती. एका पक्षाने वर्धापनदिनाची भेट म्हणून वाटायची ती चीज नव्हे.

त्यापुढचा संप सर्वांच्या स्मरणात आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने आंदोलन सुरू केले. सरकारने महागाई भत्ता २८ टक्के करण्याचे मान्य करताच २८ तारखेला समितीने ते मागे घेतले. येथवर जे झाले ते नेहमीचेच होते. नवे ते पुढे घडले. पुढारी उठले, पण कामगार उठले नाहीत. एकामागून एक आगार बंद होत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील सुमारे अडीचशे आगारे थंडावली. तेव्हा मागणी एकच उरली होती: महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. आंध्र प्रदेशात जानेवारी २०२० पासून तेथील परिवहन कर्मचारी शासनाचे कर्मचारी झाले होते, हे उदाहरण सर्वांच्या तोंडी होते.

विलीनीकरणाच्या या मागणीचा अर्थ नीट लावला गेला नाही. वर्तमानपत्रांनी तिला अवाजवी म्हटले, सरकारने अशक्य म्हटले, विरोधी पक्षाने तिचे भांडवल केले. तिच्या मुळाशी वाटाघाटींवरचा अविश्वास होता, हे फार थोड्यांनी ओळखले. दर चार वर्षांनी आपला पगार कोणीतरी बंद खोलीत ठरविणार असेल, तर त्यापेक्षा वेतन आयोग बरा. निदान तो शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांना एकदम लागतो, असा तो सरळ हिशेब होता. सामूहिक सौदा हे कामगार चळवळीने शंभर वर्षे झगडून मिळविलेले शस्त्र. ते टाकून देण्यास कामगार आनंदाने तयार झाला होता, यापेक्षा त्या सौद्याच्या पद्धतीवर कठोर शेरा कोणता असू शकतो?

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी परिवहनमंत्री अनिल परब यांनी वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांपर्यंत ४,०००, आणि वीस वर्षांवर सेवा झालेल्यांना २,५००. नव्या कामगाराचे वेतन लाजिरवाणे कमी होते, त्याला अधिक मिळणे रास्तच होते. पण वीस-पंचवीस वर्षे घाट चढलेल्या चालकाचे मूळ वेतन आणि काल आलेल्याचे मूळ वेतन यांतले अंतर त्यामुळे आक्रसले. हे तीन टप्पे कोणी सुचविले, कोणत्या आगारात त्यांची चर्चा झाली? कोठेच नाही. आंदोलनाच्या व्यासपीठावरील सांगली जिल्ह्यातले दोन पुढारी, गोपीचंद पडळकर व सदाभाऊ खोत, यांनी दुसऱ्या दिवशी आपल्यापुरते आंदोलन थांबविले. कामगार तरीही थांबले, वकील गुणरत्न सदावर्ते यांच्या मागे गेले, आणि कोर्टाच्या तारखांवर दिवस मोजू लागले. तीन सदस्यीय समितीने विलीनीकरण नाकारले. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. जवळजवळ सहा महिन्यांचा पगार गेला. मधल्या काळात हजारोंवर निलंबनाच्या व बडतर्फीच्या नोटिसा बजावल्या गेल्या, काही कामगारांनी आत्महत्या केल्या. खेड्यांतल्या शाळकरी मुलामुलींनी किती मैल पायपीट केली, याची तर कोणी मोजदादच ठेवली नाही.

त्या तीन टप्प्यांची दुरुस्ती झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, दोन दिवसांच्या संपानंतर. एप्रिल २०२० पासून सर्वांना सरसकट ६,५०० रुपयांची वाढ ठरली; म्हणजे ५,००० वाल्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. जी विषमता आगाराच्या दाराशी पाच मिनिटांत कोणीही दाखवून दिली असती, ती दूर व्हायला जवळजवळ तीन वर्षे आणि आणखी एक संप लागला. एप्रिल २०२० ची वाढ सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर होते, याचा अर्थ त्रेपन्न महिन्यांची थकबाकी. या काळात जे निवृत्त झाले, त्यांना ती मागण्यासाठी खेटे घालावे लागणे हे ओघानेच आले.

आता ज्यांना शासनाचा नोकर होण्यात सुटका दिसते, त्यांनी शासनाच्या नोकरांकडेही एकदा पाहावे. राज्य कर्मचाऱ्यांना करार नाही. त्यांना शासन निर्णय असतो. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून डिसेंबर १९७७ पासून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली त्यांना ५४ दिवस संप करावा लागला. मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील, ज्यांचे स्वतःचे आयुष्य लढ्यात गेले होते. ती मागणी पुढे जुलै १९७८ मध्ये आलेल्या शरद पवारांच्या मंत्रिमंडळाने मान्य केली. आणि जुन्या पेन्शनसाठी १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप? मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे, यांच्याशी चर्चा झाली आणि सातव्या दिवशी, २० मार्चला, आश्वासनावर तो मागे घेतला गेला. माघार योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. पण शाळेच्या दाराशी आणि पंचायत समितीच्या आवारात बसलेल्या हजारोंना ती दूरदर्शनच्या पडद्यावरून कळली, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आपली नाराजी लपविली नाही. म्हणजे करार असो वा शासन निर्णय, सभासदाचे स्थान दाराबाहेरच.

या दोन जिल्ह्यांना ही गोष्ट नवी नाही. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा या तालुक्यांतून ज्या पिढ्या गिरणगावात गेल्या, त्यांनी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा अनुभव घेतला होता. त्या कायद्याने एका संघटनेला प्रतिनिधी ठरविले. कामगारांचा तिच्यावर विश्वास आहे की नाही, हे विचारण्याची सोय ठेवली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप पुकारला गेला, त्याच्या मागण्यांत वेतनाइतकीच ही कोंडी फोडण्याची मागणी होती. संपाचे काय झाले ते गावोगावी परतलेल्या माणसांनी सांगितले आहे. त्यांची मुले-नातवंडे आज एस. टी.त आहेत.

जगात इतरत्र हे कसे चालते? ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातील जहाजबांधणी कारखान्यात संपकऱ्यांची समिती उपपंतप्रधानांशी बोलत होती, तेव्हा ते बोलणे कारखान्यातील ध्वनिक्षेपकांवरून बाहेर बसलेल्या कामगारांना ऐकविले जात होते. ३१ ऑगस्टला करार झाला, त्यातला शब्दन् शब्द कसा आला हे कामगारांना ठाऊक होते. समाजवादाचे नाव घेणाऱ्या सरकारला तेथे कामगारांसमोर उघड्यावर बोलावे लागले, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरू नये. अलीकडचे उदाहरण भांडवलशाहीच्या माहेरघरचे. २०२४ च्या सप्टेंबरात बोइंग विमान कंपनीच्या यंत्रकामगारांपुढे त्यांच्याच पुढाऱ्यांनी शिफारस केलेला करार मताला टाकला गेला. कामगारांनी तो प्रचंड बहुमताने फेटाळला व संप केला. ऑक्टोबरात सुधारलेला मसुदाही फेटाळला. आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी तिसरा स्वीकारला. त्यामुळे संघटना मोडली नाही. पुढाऱ्यांनी निकाल मानून पुन्हा बोलणी केली, आणि तिसऱ्या वेळी ज्यांची मते विरुद्ध होती तेही कामावर गेले.

यावर पुढाऱ्यांचे आक्षेप ठाऊक आहेत. वाटाघाटीत काही गुप्तता लागते, सर्व पत्ते आधीच उघडे टाकले तर मालक फायदा घेतो, हा पहिला. तो खरा आहे, पण मसुदा ठरेपर्यंत. मसुदा ठरल्यानंतर तो मालकाला माहीत असतो, मंत्र्याला माहीत असतो. गुप्त राहतो तो फक्त सभासदापासून. दुसरा आक्षेप, राज्यभर विखुरलेल्या एवढ्या कामगारांचे मतदान घ्यायचे कसे? संपासाठी घेता येते असे कायदाच गृहीत धरतो. प्रत्येक आगाराला एक दार आहे, एक सूचनाफलक आहे आणि हजेरीपट आहे. तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही: सभासद नाही म्हणाले तर? तर पुन्हा बोलणी करावीत. सभासद नाही म्हणू शकतात हे ज्या पुढाऱ्याच्या पाठीशी आहे, तो मंत्र्यासमोर अधिक ताठ बसू शकतो. ‘हे माझे लोक मान्य करणार नाहीत’ हे वाक्य आज कोणताही मंत्री खरे मानत नाही, कारण लोकांना विचारले जात नाही हे त्यालाही माहीत आहे.

सभासदांनाही चार शब्द कठोर बोलले पाहिजेत. द्वारसभेला वीस माणसे आणि वाढ जाहीर झाल्यावर तक्रारीला दोनशे, हे चित्र पुढाऱ्यांनी निर्माण केलेले नाही. एका संघटनेची वर्गणी भरून दुसरीच्या पुढाऱ्याकडे बदलीसाठी जाणे, आणि दोन्हींनी काही केले नाही की बाहेरून कोणी वकील वा आमदार येऊन तारील म्हणून वाट पाहणे, याचा हिशेब २०२२ च्या एप्रिलमध्ये पुरता झाला आहे. ज्या मुलुखात प्रतिसरकारच्या काळात गावाच्या भांडणांचे निवाडे साऱ्या गावासमोर होत, त्या मुलुखातल्या माणसांना उघड्यावर बसून निर्णय घेणे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. आणि मत दिले की निकाल बांधतो, विरुद्ध गेला तरी, हेही त्याबरोबर आलेच.

पुढील करारात वेतनाइतकाच मोठा प्रश्न करार कोणाला लागू होणार हा असेल. २०२२ च्या संपकाळात कंत्राटी चालक आणले गेले. शिवशाहीच्या भाड्याच्या गाड्यांवर चालक खासगी मालकाचा आणि वाहक महामंडळाचा, ही व्यवस्था त्याआधीच आली होती. विजेवर चालणाऱ्या ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. गाडी एक, प्रवासी तेच, रस्ता तोच, आणि स्टिअरिंगवरचा माणूस करारात नाही. हा माणूस वाढत गेला तर मूळ वेतनात कितीही वाढ मिळविली तरी ती घेणारे हात दरवर्षी कमी होत जातील. मागणीपत्रात याविषयी कलम हवे, आणि ते लिहिताना त्या कंत्राटी चालकालाही बोलावले पाहिजे. त्याला शत्रू समजून काही साधणार नाही.

म्हणून या दोन विभागांतील सभासदांनी आपापल्या संघटनांकडे, झेंडा कोणताही असो, लेखी मागणी करावी. मागणीपत्र पाठविण्यापूर्वी ते प्रत्येक आगारात वाचले जावे. मसुदा ठरल्यावर तो सोप्या मराठीत, जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी-शेजारी मांडून, आठ दिवस फलकावर लावावा. थकबाकी कोणत्या महिन्यात किती, हे करारातच लिहिलेले असावे. मग गुप्त मतदान घ्यावे, आणि मते आगाराच्या दारातच मोजावीत. एकवीस आगारांत हे एकदा झाले तर कोल्हापूर-सोलापूरला ते न्यायला फार कष्ट पडणार नाहीत; गाड्या रोज जातातच.

एक व्यवहाराची सूचना. वाचनाची आणि मतदानाची वेळ ठरविताना ती पहाटेच्या पहिल्या पाळीची किंवा कार्यालयाच्या सोयीची धरू नये. मुक्कामी गाड्या सकाळी खेड्यांतून आगारात परत येतात, त्यानंतरची धरावी, आणि दोन दिवस चालू ठेवावी. नाहीतर कोयनेच्या खोऱ्यात आणि जतच्या माळावर रात्र काढणारे चालक-वाहक याही वेळी ऐकीव बातमीवरच राहतील. महिला वाहकांच्या पाळ्या पाहून त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी लागली तर तीही ठेवावी. यादी आगाराच्या हजेरीपटावरून करावी, पुढाऱ्यांच्या वहीवरून करू नये.